रस्त्याखालचं काम

निंबा कौतिक पाटील कुणाच्या घरात शिरला, की आधी माणसांकडे नाही, जमिनीकडे पाहायचा. पाणी येतं कुठून हे शेंबडं पोरही सांगेल, पण जातं कुठं हे घरमालकालाही ठाऊक नसतं, असं त्याचं म्हणणं. नशिराबादहून रोज सकाळी तो मोटरसायकलला हत्यारांची पिशवी लटकावून जळगावात यायचा आणि बाजारपेठेतल्या जुन्या घरांचे नळ, मोऱ्या, संडास यांची दुखणी काढत हिंडायचा. वय सत्तावन्न. अंगानं वाळल्या लाकडासारखा. बोटांना पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास कायमचा बसलेला. बायको सुंदरबाई त्याला भाजी चिरू द्यायची नाही. म्हणायची, "तुमच्या हातची भाजी आतड्याला चिकटून बसायची."

कामात चोख होता. एक काम मात्र तो घेत नसे, रस्त्याच्या खालचं. तळघरात संडास काढायचा आहे असं कुणी म्हटलं, की तो चहा अर्धा टाकून उठायचा.

त्याला कारण धुळ्याचं. अठरा वर्षांपूर्वी निंबा धुळ्यात काम करायचा. तिथल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला तळघरात वऱ्हाडासाठी चार संडास हवे होते. रस्त्याची गटार तीन फूट खोल आणि तळघर नऊ फूट. पण मालकानं मागच्या बोळातली एक जुनी, खोल गटार दाखवली. उतार मिळत होता. निंबानं पाइप जोडून दिले. वर्षभर सगळं झकास चाललं. मग आषाढातल्या शेवटच्या लग्नतिथीला बोळात पाणी तुंबलं. तुंबलेली गटार मोकळी जागा हुडकते, आणि तिला ती तळघरात सापडली. चारी भांड्यांतून पाणी उसळून वर आलं. खाली नवरीकडच्या बायका नटत होत्या. शालू गुडघ्यापर्यंत धरून त्या जिन्यानं वर पळाल्या, तेव्हा दारात नवरदेवाला ओवाळणं चाललं होतं. बँडवाला वाजवायचा थांबला म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून धुळ्यात त्याचं नाव 'उलटा निंबा' पडलं. चहाच्या टपरीवर तो टेकला, की कुणीतरी त्याच्यासमोर बशी पालथी घालायचं आणि सगळे खो खो हसायचे. वर्षभर त्यानं सोसलं, मग बिऱ्हाड उचलून जळगावची वाट धरली.

तर असा हा माणूस यंदा होळीच्या सुमाराला बाजारपेठेतल्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या, जिनेशच्या, कापड दुकानात उभा होता आणि मान हलवत होता.

"दुसरं काहीही सांगा शेठ. हे नाही."

दुकान तळमजल्यावर, घर वरच्या दोन मजल्यांवर आणि खाली तळघर. तिथं पूर्वी कापडाच्या गाठी ठेवायचे. जळगावचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर चढला, की वरचे मजले भट्टीसारखे तापतात, पण तळघर थंड राहतं. म्हणून जिनेशची आजी लाडकुंवर, वय एक्क्याऐंशी, होळी झाली की खाट घेऊन खाली येई. एसी तिला चालत नसे. त्यात हाडं वाजतात म्हणायची. अडचण एकच होती. संडास वर होता, सतरा पायऱ्यांवर, आणि गुडघे तर केव्हाच गेले होते. पायऱ्या चुकवायच्या म्हणून मागच्या उन्हाळ्यात तिनं पाणी पिणंच कमी केलं. वैशाखात चक्कर येऊन पडली. तीन दिवस सलाइन लावावं लागलं. डॉक्टरनं जिनेशला चांगलं फैलावर घेतलं. त्यामुळे या वेळी जिनेशनं ठरवून टाकलं होतं. तळघरात संडास झाला तर दादी खाली राहील, नाही तर उन्हाळाभर वर एसीच्या खोलीत.

"एक वेळ बघून तर घ्या जागा," जिनेश म्हणाला.

बघायला काय जातं म्हणून निंबा खाली उतरला. खाटेवर पांढऱ्या साडीतली एक बारकुडी म्हातारी जपमाळ ओढत बसली होती. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं,

"कोन्ता गावना रे भाऊ तू?"

निंबा चमकलाच. मारवाड्याच्या घरातली म्हातारी, आणि तोंडात त्याच्या आईची अहिराणी.

"शिंदखेडा तालुकाना, बाईजी."

"म्हनीसनच! मी बी तठलीच. मना बापनं किराणानं दुकान व्हतं. बठ्ठा गावना पोरे गूळ चोरेत."

"मंग त्यास्मा मना बाप बी व्हई."

म्हातारी हसली. मग हसू आवरून तिनं जिन्याकडे बोट केलं. "सतरा पायऱ्या शेत. मी मोजेल शेत. आते माले चढता येस नही. तू नही म्हनशी, त हाऊ पोऱ्या माले वरे त्या थंडी पेटीमा कोंडी देई."

निंबानं जमिनीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग टेप काढला.

त्याच्या जोडीला हिलाल गवंडी होता. पंधरा वर्षांची दोस्ती. तो दिवसभर हसत होता. "म्हातारीनं अहिराणीत मागितलं असतं, तर तू किडनीसुद्धा काढून दिली असती भाऊ."

"गप फरशी फोड."

काम निंबानं असं केलं, की धुळ्याचं भूत जागच्या जागी गाडलं जावं. तळघराची फरशी फोडून कमरेइतका खोल खड्डा केला, त्याला आतून पाणी न झिरपणारा गिलावा केला, वर घट्ट झाकण बसवलं. खड्ड्यात पंप ठेवला. हा पंप मैला आतल्या पात्यांनी बारीक करून वर ढकलतो. पंपाशेजारी एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा मोसंबीएवढा गोळा. खड्ड्यात पाणी मांडीइतकं चढलं, की गोळा वर उचलला जाणार, पंप आपोआप चालू. पाणी उतरलं, की बंद. पंपापासून निघालेला पाइप त्यानं सरळ गटारीत सोडला नाही. आधी भिंतीवरून रस्त्याच्याही वर, दुकानाच्या छतापर्यंत चढवला, तिथं वळवला आणि मग रस्त्यावरच्या चेंबरमध्ये उतरवला. गटार कितीही तुंबली, तरी तिला एवढं चढून खाली येणं शक्य नव्हतं. तरीही मध्ये एक व्हॉल्व्ह बसवला, पाण्याला वर जाऊ देणारा आणि खाली येऊ न देणारा. खड्ड्यातला वास गच्चीवर नेणारा वेगळा पाइप घातला. लाइट गेली तर पंप इन्व्हर्टरवर.

शेवटी कमोड बसवला आणि जिनेशच्या देखत त्यात वीस बादल्या पाणी ओतलं. पंप घुरघुरला, वर चेंबरात पाणी धबाधबा पडलं, खाली थेंब आला नाही. निंबा पाना पुसत म्हणाला, "शेठ, यातून एक थेंब जरी उलटा आला, तर हा पाना मी परत हातात धरणार नाही. नशिराबादला जाऊन शेळ्या राखेन."

तीन आठवड्यांनी जिनेशचा फोन आला.

"निंबाभाऊ, वास येतोय. लग्नसराई आहे. गिऱ्हाईक नाक दाबून बस्ता काढतंय. बायको म्हणते खाली थांबवत नाही. परवापर्यंत बघतो, नाही तर दादीला वर हलवतो आणि ते सगळं उखडून टाका."

निंबा लगेच निघाला. मोटरसायकल चालवताना त्याला रस्ता दिसत नव्हता. कुठं चुकलं असेल? व्हॉल्व्ह अडकला? झाकण फुगलं? खड्डा तुडुंब भरून कमोडातून... पुढचं त्यानं मनात येऊ दिलं नाही. हिलालला बोलावून घेतलं. दोघं तळघरात उतरले. म्हातारी खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडली होती. पदरानं नाक झाकलेलं.

निंबानं झाकणाचे नट सोडवले. झाकण उचललं, आणि दोघं वाकून पाहतच राहिले.

खड्डा जवळपास कोरडा होता. तळाला कसंबसं चार बोटं पाणी, तेही काळं आणि दाट. फ्लोट दोरीला लटकत होता, तीन आठवड्यांत एकदाही उचलला गेला नव्हता. कमोडाकडून येणाऱ्या पाइपात टॉर्च मारला, तर मैला पाइपातच बसलेला. पुढं सरकायला पाणीच नाही.

हिलाल उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, उलटं यायला आधी सुलटं जावं लागतं."

निंबानं टॉर्च विझवला. आयुष्यभर त्यानं जास्तीच्या पाण्याशी झुंज घेतली होती. फ्लोटची उंची ठरवताना त्यानं धरलं होतं, की चार लोकांच्या घरात जेवढं पाणी संडासात पडतं तेवढं पडेल, फार तर अर्धं. खाली एकटी म्हातारी राहते आणि ती किती पाणी वापरते, हे त्यानं विचारलंच नव्हतं. विचारणार कसं? परक्या बाईमाणसाला असलं विचारायची रीत नाही.

आता विचारणं भाग होतं. जिनेशची बायको रूपल जिन्यात उभी होती. निंबानं तिला गाठलं.

"वहिनी, राग मानू नका. बाईजी संडासात... पाणी कसं टाकतात?"

रूपल आधी लाजली, मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, दादीजींचा नियम आहे ना! आम्हा जैनांमध्ये सकाळी उठून त्या दिवसापुरत्या मर्यादा बांधून घेतात. काय खायचं, किती फिरायचं, किती पाणी वापरायचं. दादीजी सगळ्याला मिळून एक बादली धरतात. अंघोळ म्हणजे ओल्या पंचानं अंग पुसणं, हातपाय, सगळं त्यात. संडासला एक लोटा. ती फ्लशची टाकी तर त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावली."

निंबा जाऊन खाटेजवळ जमिनीवर उकिडवा बसला.

"बाईजी, एक लोटामा भागस नही. पाइपमाच अडकी ऱ्हास."

म्हातारी उठून बसली. "पानीमा जीव ऱ्हास, निंबा. मनी घाणसाठे बादली बादली पानी कसाले मारू मी? वरे बी मी एकच लोटा टाकू. तठे कधी वास उना नही."

"वरे पाइप उभा शे. आपोआप खाले पडस. आठे आडवा शे. नि खाले उतरनं, तरी तठून वर ढकलाले पानी पाहिजे. पंप तीन आठवडामा एकदा बी चालना नही."

"मंग ते बठ्ठं कोठे शे?"

"तठेच. पाइपमा नि खड्डामा."

माळेचे मणी थांबले.

"तीन आठवडापाईन?"

"हां."

म्हातारीनं डोळे मिटले. रूपल जिन्यातून दोन पायऱ्या खाली आली. निंबाला वाटलं, म्हातारीला भोवळ येतेय. पण ती हिशेब करत होती, तिचा तिचा. मग ती रूपलकडे वळून मराठीत म्हणाली, "दोन घडीच्या वर, पाऊण तासाच्या वर, घाण साचू द्यायची नाही, असं साध्वी गुरुणीजींनी सांगितलंय. साचली की तिच्यात जीव पडतात. असंख्य." आणि निंबाकडे वळून, "मी लोटाभर पानीना जीव वाचाडू ऱ्हायंती, नि आठे मना खाटखाले..." पदर तोंडाला लावला.

हिलाल पायरीवर बसून विडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत होता. म्हणाला, "बाईजी, मग टाका दोन बादल्या. जिवांचं काय ते वर देवाला सांगू आपण."

"नियम मी मोडाव नही," म्हातारी म्हणाली. "पन्नास वरीस व्हयनात. वरे जासू. त्या पेटीमा पडी ऱ्हासू."

वर जिनेशनं गड्याला हाक मारून तिची वळकटी बांधायला सांगितलेली ऐकू आली.

निंबा उठला. इकडून तिकडे फिरला. सवयीप्रमाणे जमिनीकडे पाहत, आणि मग, सवय सोडून, छताकडे. छताला एक पांढरी बारीक नळी होती. ती दुकानाच्या मोरीकडे जात होती आणि तिच्यातून टिप टिप आवाज येत होता.

"हे काय आहे वहिनी?"

"ते? पाण्याचं फिल्टर मशीन आहे दुकानात. गिऱ्हाइकांसाठी. एक ग्लास शुद्ध करतं नि दोन ग्लास गटारीत फेकतं. दिवसभर चालूच."

निंबानं हिलालकडे पाहिलं. "हिलाल, मुतारीची टाकी."

"कुठली?"

"टॉकीजमध्ये असायची ती रे. भिंतीवर. थेंब थेंब भरते आणि भरली की आपली आपण भसकन रिकामी होते. कुणी साखळी ओढत नाही."

जळगावच्या भंगार बाजारात हुडकलं तर हत्तीचा दातही सापडेल. दुपारी हिलाल एक ओतीव लोखंडाची गंजकी टाकी खांद्यावर घेऊन आला. एका बंद पडलेल्या टॉकीजची. आतल्या वाकड्या नळीत पालीची अंडी होती. ती हिलालनं रूपलच्या सांगण्यावरून जपून कागदात घेऊन गच्चीवर सावलीत ठेवली, आणि त्यासाठी दोन जिने चढावे लागले म्हणून निंबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सारं बसवायच्या आधी निंबानं म्हातारीला समजावून सांगितलं. स्वतः केलं किंवा दुसऱ्याला सांगून करवलं, तर नियम मोडतो, म्हणून तिनं वकिलासारखे प्रश्न घातले.

"पानी कोन सोडस?"

"कोनीच नही. टाकी भरनी का आपोआप सुटस."

"मना हात लागी का?"

"नही."

"कोनले सांगनं पडी का, सोड म्हनीसन?"

"कोनलेच नही."

"नि ते पानी कोठलं?"

"मशीन जे फेकी देस, ते. आते बी गटारमाच जाई ऱ्हायनं. तुम्ही वरे ऱ्हा का खाले, ते जाईच."

ती माळ हातात घेऊन विचार करत राहिली. शेवटी तिनं खरा प्रश्न विचारला. "नि खड्डामा? तठे काही उरी का?"

इथं निंबा अडला. फ्लोट तो आता वीतभर उंचीवर बांधणार होता. थोडं पाणी आलं तरी पंप चालेल. पण पंप तळ चाटूनपुसून कोरडा करत नाही. हे तिला कळण्याचं काही कारण नव्हतं. नाही म्हणून सांगितलं असतं, तर काम तिथंच मिटत होतं. हिलाल मागून त्याला डोळ्यांनी खुणावत होता, नाही म्हण, नाही म्हण.

"चार बोट उरी," निंबा म्हणाला. "ते काढता येस नही. पन रोज नवं व्हई, जुनं साचाव नही."

म्हातारीनं त्याच्याकडे एकटक पाहिलं. "खरं बोलना तू. काहीच उरत नही म्हनता, त मी खोटं समजती. मना बाप बी दुकानदार व्हता." मग थोड्या वेळानं, "चार बोटनं पाप मी झेलसू. बसाड तुनी टाकी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला सगळं जुळून तयार होतं. पाइप धुऊन काढलेला, फ्लोट खाली बांधलेला, लोखंडी टाकी कमोडाच्या वर भिंतीला ठोकलेली. हिलाल रस्त्यावर उन्हात चेंबरचं झाकण उघडून, डोक्याला ओला रुमाल बांधून बसला होता. जिनेश जिन्यात अर्ध्यावर उभा, नाकावर रुमाल. त्याच्या पायाशी दादीची बांधलेली वळकटी.

लाडकुंवर उठली. भिंत धरत आत गेली. बराच वेळ लागला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग तिनं तिचा एक लोटा ओतल्याचा आवाज आला, तेवढाच. बाहेर येऊन ती खाटेवर बसली. पदर सारखा केला, माळ घेतली.

टाकीत टिप टिप पडत होतं. पाच मिनिटं. दहा. जिनेशनं घड्याळ पाहिलं. "निंबाभाऊ..."

"थांबा शेठ. तिला घाई करता येत नाही."

अजून काही वेळ गेला. मग टाकीनं घोट गिळल्यासारखा एक आवाज केला, आणि आतलं सारं पाणी एकदम घरंगळत खाली सुटलं. खड्ड्यात धबधब झाली. क्षणभर शांतता. मग झाकणाखालून पंप घुरघुरला. भिंतीवरचा पाइप थरथरू लागला, खालून वर, वळणापर्यंत. निंबानं त्यावर तळहात ठेवला होता, वैद्यानं नाडीवर ठेवावा तसा.

वर रस्त्यावरून हिलालचा आवाज आला, अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल एवढा. "आलं भाऊ! सगळं आलं!"

पंप थांबला. व्हॉल्व्ह टक् करून मिटला. निंबानं हात काढला नाही. पाइपाला कान लावला. वर चढलेलं पाणी परत फिरतंय का, हे ऐकत तो किती तरी वेळ तसाच उभा राहिला. काहीच ऐकू आलं नाही. कमोडात वाकून पाहिलं. स्वच्छ पाणी, हलतसुद्धा नव्हतं.

जिनेशनं नाकावरचा रुमाल काढला, हुंगल्यासारखं केलं, आणि पायाशी ठेवलेली वळकटी खाली आणून तिची दोरी सोडायला बसला.

लाडकुंवर मात्र भिंतीवरच्या त्या गंजक्या टाकीकडे पाहत होती. टाकीत पुन्हा पहिला थेंब पडला. टिप.

"मी तुले सोड म्हनीसन सांगेल नही, बरं का," म्हातारी तिला म्हणाली, आणि माळेचा पुढचा मणी ओढला.